गेला तो बॉल गेला

मैतीला गेलेला माणूस स्मशानात काय करतो? लिंबाची सावली बघून उभा राहतो, चेहरा जमेल तितका पाडतो आणि मधूनच हळूच घड्याळ बघतो. आमचे अंकुशअण्णा मागच्या गल्लीतल्या तलाठी आजोबांच्या मैतीला दोन्ही पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे किंचित वाकवून, दोन्ही हातांची मिळून एक मूठ करून उभे होते. ती मूठ त्यांनी सावकाश उजव्या खांद्यामागं नेली, तिथं क्षणभर रोखली आणि सपकन डाव्या खांद्यावर आणली. मग कपाळावर हात धरून ते चितेच्याही पलीकडं, पार नदीच्या पात्रात काहीतरी शोधत राहिले. आजोबांचा मुलगा बरीच वर्षं बाहेरगावी राहिलेला. इकडचे विधी त्याला नीट ठाऊक नव्हते. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हे मलाही करायचं असतं का?"

मी म्हणालो, "नाही. हा गोल्फ आहे."

निघताना अण्णांनी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गेला तो बॉल गेला. आता पुढल्या बॉलकडं बघायचं." पोरगा रडायचा थांबला. सांत्वन झालं म्हणून नव्हे, कुठला बॉल हे त्याला कळेना म्हणून. पण थांबला हे खरं.

आमच्या जालन्यात लोखंड मिळतं, बियाणं मिळतं, मोसंबी मिळते. गोल्फचं मैदान मिळत नाही. जिल्ह्यात एखादं हिरवळीचं आवार दिसलंच तर ते सरकारी विश्रामगृहाचं असतं आणि तिथं बसायलाही मनाई असते. अशा गावात एका निवृत्त माणसाला गोल्फचा नाद लागावा, आणि तोही मैदान, गुरू, जोडीदार यातलं काहीही नसताना, हे मला आधी हसण्यावारी नेण्यासारखं वाटलं होतं. मी भूगोलाचा मास्तर. जमिनीचा विषय निघाला की आपल्याला दोन गोष्टी जास्त कळतात असा माझा समज आहे. त्या समजापायीच मी अण्णांच्या तावडीत सापडलो.

अण्णा म्हणजे आमच्या भिंतीला भिंत असलेले शेजारी. उभी हयात एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये गेली. भट्टीतून लालभडक लोखंड निघायचं आणि रोलमधून सळई होऊन बाहेर पडायचं, त्या सळईवर अण्णांची नजर. ती जरा वाकडी आली की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मिलच्या धडधडाटात बोलून बोलून आवाज असा तयार झालेला, की ते आपल्या घरात मीठ मागतात तेव्हा आमची ही इकडं मिठाच्या बरणीला हात घालते. निवृत्त झाल्यावर सळया सुटल्या, नजर सुटली नाही. आमच्या बैठकीतली तसबीर तिरकी दिसली की चहा टेकवून आधी ती सरळ करणार. माझी स्कूटर स्टँडला कलती लावलेली त्यांना बघवत नाही. वाकडं म्हणून जे जे काही असेल ते सरळ व्हायलाच पाहिजे, हा त्यांचा धर्म.

आणि त्यांच्या स्वतःच्या घरातली एक गोष्ट पाच वर्षांपासून वाकडी होती.

अण्णांची एकुलती एक मुलगी वैशाली पुण्याला नोकरीला गेली आणि तिथं तिनं निखिल नावाच्या मुलाशी लग्न केलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, फक्त आपल्यातला नाही. हा प्रश्न आमच्याकडं कुणी बोलून दाखवत नाही आणि कुणी विसरतही नाही. पण अण्णांचा राग तेवढ्यावर नव्हता. ते मला एकदा म्हणाले होते, "मला इचारलं न्हाई सर. इचारलं असतं तर मी न्हाईच म्हणलो असतो, बिलकुल न्हाई. पण इचारायचं तर होतं!" तर, लग्न कचेरीत झालं, अण्णा गेले नाहीत. मुलगी दिवाळीला एकटी यायची, एकटी जायची. जावयाचं नाव घरात निघत नसे. अण्णांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, त्याचा उल्लेख करायचाच झाला तर त्या "पुण्याचा उन्हाळा कसा आहे" असं मुलीला फोनवर विचारायच्या आणि ती "बरा आहे, थोडी सर्दी झालीय" असं सांगायची.

मग तो फोटो आला. वैशालीनं मोबाईलवर आपल्या नावापुढचा फोटो बदलला. हिरवंगार मैदान, पांढरी टोपी घातलेला निखिल, त्याच्या खांद्यावर एक लांबट चकचकीत काठी आणि शेजारी हसणारी वैशाली. अण्णा मोबाईल घेऊन माझ्याकडं आले. दोन बोटांनी फोटो ताणून ताणून त्यांनी ती काठी पडदाभर केली.

"हे काय हाये सर? हॉकी का?"

"गोल्फ आहे अण्णा. मोठ्या लोकांचा खेळ."

"मोठ्या लोकांचा," अण्णा म्हणाले. मग फोटो सरकवून त्यांनी जावयाचा चेहरा पडदाभर केला आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत बसले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, तेवढ्यात त्यांनी जावयाला इतकं नीट प्रथमच बघितलं असावं. उठताना म्हणाले, "ह्या खेळात ह्याला हरवतो. मंग बोलतो ह्याच्याशी. तवर न्हाई."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलले. आठवड्याच्या आत एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून अण्णांची पहिली गोल्फची काठी तयार होऊन आली. बारा एमएमची सळई, खाली वेल्डिंग केलेला पोलादाचा ठोकळा, वर सायकलच्या हँडलची रबरी मूठ. सरळ तर इतकी की भिंतीला लावली तर मध्ये प्रकाश शिरणार नाही. ती घेऊन अण्णांनी अंगणात पहिला फटका मारला. काठी फिरली, आणि काठीला धरून अण्णाही फिरले, आणि दोघं मिळून काकूंच्या कुंड्यांमध्ये जाऊन बसले. काकू दारातून म्हणाल्या, "नुसतं बोलायचं हाये तर काठी कशाला लागती?"

अण्णांनी हा प्रश्न ऐकू आला नाही असं दाखवलं. मिलमध्ये काम केलेल्या माणसाला ही सोय असते.

बॉलच्या जागी आधी गळालेल्या कच्च्या मोसंब्या होत्या. रोज टोपलीभर मोसंब्या ठोकल्या जात. काकू आमच्या हिला सांगायच्या, "सगळा रस भिंतीला पाजला. मला एक गिलास न्हाई दिला." पुढं मोबाईलवरून मागवलेला खरा बॉल आला, मग एक वापरलेली खरी काठी आली, मग एक पांढरी टोपी आली. टोपी बरोबर फोटोतल्यासारखी होती. खर्चाचा विषय काकूंनी काढला की अण्णा टोपी घालून बाहेर पडत.

खेळायला जागा मिळाली ती आमच्या कॉलनीच्या मागं पडलेल्या नव्या प्लॉटिंगमध्ये. 'ग्रीन व्हॅली' अशी कमान आहे. आत ग्रीन नाही आणि व्हॅलीही नाही, हे मी भूगोलाचा शिक्षक म्हणून जबाबदारीनं सांगतो. मुरमाड माळ, चुन्यानं रंगवलेले नंबराचे दगड, सराट्यांचं रान आणि दुपारच्याला चरणाऱ्या म्हशी. प्लॉट नंबर चारच्या दगडापासून मारायचं आणि प्लॉट नंबर सतराच्या दगडाशेजारी खणलेल्या खळग्यात बॉल घालायचा, असा अण्णांचा खेळ. बॉल कुठं पडला हे बघायला उंच जागी एक माणूस लागतो. तो मी. प्लॉट विकणाऱ्या दलालानं पहिल्या दिवशी हरकत घेतली. दुसऱ्या आठवड्यात तो गिऱ्हाइकांना गाडीतून उतरवून, अण्णांकडं बोट दाखवून सांगू लागला, "गोल्फवाली सोसायटी आहे साहेब. बघा, रिटायर अधिकारी खेळून राह्यलेत." अण्णा तेव्हा मुद्दाम एक जादा फटका मारायचे.

अण्णांचा गुरू म्हणजे मोबाईल. सकाळी दूध यायच्या आत ते गोऱ्या माणसांचे धडे बघत आणि संध्याकाळी मला आपल्या भाषेत ऐकवत. "ग्रिप म्हंजे काय सर? तव्यावरली भाकर उचलतो तशी काठी धरायची. आवळली तर हात भाजला, ढिली सोडली तर चुलीत पडली." त्या गोऱ्या माणसाला भाकरीचं ठाऊक नसेल, पण मला ग्रिप लगेच समजली. "सगळ्यात बेसिक म्हंजे पाय. पाय बराबर तर सगळं बराबर. आन् डोकं हलवायचं न्हाई! बॉल गेला तरी डोकं खालीच. लोक काय करतेत, मारायच्या आधीच वर बघतेत, कुठवर गेला म्हणून. मंग कसा जाईल?"

पण ही झाली तब्येतीची, म्हणजे शरीराची बाजू. अण्णांच्या म्हणण्याप्रमाणं खरा खेळ मनाचा. फटका मारायच्या आधी ते डोळे मिटून उभे राहत. मी उंचवट्यावर तिष्ठत असे. बऱ्याच वेळानं हाक येई, "दिसला का?"

"काय?"

"बॉल! सतराच्या दगडापाशी पडला की."

"अण्णा, तुम्ही अजून मारलाच नाही."

"मनात मारला. आधी मनात पाडायचा, मंग जमिनीवर."

मनात अण्णांचा बॉल कायम सतराच्या दगडाशेजारी पडे. जमिनीवर तो म्हशींत, नाल्यात, एकदा दलालाच्या गाडीच्या काचेवर. सरळ असा तो कधी गेलाच नाही. आयुष्यभर सळया सरळ काढलेल्या माणसाचा बॉल दरवेळी उजवीकडं वळायचा, आणि अण्णा दात खाऊन उभे असायचे. मग खोल श्वास घेऊन म्हणायचे, "गेला तो बॉल गेला." हे त्यांच्या मानसिक तयारीचं मुख्य कलम होतं. मागचा फटका मनात धरून ठेवला की पुढचा बिघडतो. म्हणून मागचं तिथंच सोडायचं, मन थंड करायचं, नवा बॉल ठेवायचा.

हे कलम त्यांनी सगळ्या कॉलनीला लागू केलं. कुणाचा पोरगा परीक्षेत आपटला, कुणाचं दूध उतू गेलं, कुणाची भोकरदनची गाडी डोळ्यांदेखत सुटली, अण्णांचं उत्तर तयार. सुटलेल्या गाडीच्या बाबतीत एका जाफराबादच्या पाहुण्यानं त्यांना स्टँडवर विचारलं होतं, "काका, बॉल सोडा, दुसरी गाडी कव्हा हाये ते सांगा." माझ्या बढतीचा कागद अडकला तेव्हा मलाही ते हेच म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला त्या वाक्याचा जरा आधार वाटला. माणूस हास्यास्पद असला तरी त्याचं म्हणणं तसंच असतं असं नाही.

म्हणूनच एका संध्याकाळी, बॉल नाल्यात गेल्यावर आणि ते वाक्य होऊन गेल्यावर, मी धीर केला. म्हणालो, "अण्णा, मग वैशालीच्या लग्नाचं काय? तोही बॉल गेलाच की."

अण्णांनी काठी खाली टेकवली. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "ते खेळातलं हाये सर. हे घरातलं हाये." आणि नाल्याकडं चालू लागले. त्या दिवशी बॉल सापडला तरी ते बराच वेळ नाल्यातच काहीतरी शोधत होते. मला वाईट वाटलं. त्यांचं नव्हे, काकूंचं. ह्या माणसानं हरवण्याइतका खेळ शिकायचा, जावयानं हरायला इथं यायचं, आणि मग सासरे-जावई बोलणार. तोवर काकूंनी पुण्याच्या उन्हाळ्याची चौकशी करत बसायचं.

यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक मासात लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला पाटावर बसवून सासू-सासऱ्यांनी त्याचे पाय धुवायचे, पुसायचे, कुंकू लावायचं, अनारसे द्यायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, हे आमच्याकडं चुकत नाही. ज्या घरात एरवी जावयाला कुणी भीक घालत नाही, तिथंही त्या महिन्यात तो देव असतो. मागच्या धोंड्याला काकूंनी पुरण घातलं होतं, पण पाटावर बसायला कुणी नव्हतं. ते धोंडे शेवटी त्यांनी मला खाऊ घातले. मी खाल्ले. छान होते. त्यांनी मात्र वाढताना एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

यंदा काकूंनी नवऱ्याला विचारलंच नाही. आमच्या ओट्यावर येऊन, पण भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणाल्या, "सर, मी पोरीला फोन केला. दोघं येऊन राह्यलेत. पाय मी एकटी धुईन. ज्याला यायचं त्यानं यावं, न्हाई त्यानं काठी घेऊन माळावर जावं."

भिंतीपलीकडून आवाज आला, "मी कुणाचे पाय धुणार न्हाई! आधी खेळ होईल!"

"ऐकलं सर?" काकू म्हणाल्या, "माल पसंत न्हाई, पण दुकानाच्या बाहेर पण जाऊन न्हाई राह्यले." आणि कितीतरी वर्षांनी त्या हसल्या.

ऐन उन्हाळ्याचा महिना. सकाळी दहालाच रस्ते सुनसान. पुण्याहून गाडी आली. निखिलराव उतरले. फोटोतल्यापेक्षा बारीक, चष्मेवाले, आणि इतके घाबरलेले की त्यांनी आधी आमच्या हिला वाकून नमस्कार केला, मग मला, मग दाराला टेकून उभ्या असलेल्या आमच्या गॅसवाल्यालाही. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. पाट मांडला, परात ठेवली, तांब्यात पाणी भरलं. मग त्यांनी एकदा दाराकडं बघितलं.

अण्णा नव्हते. खुंटीवरची पांढरी टोपीही नव्हती.

काकूंनी पदर खोचला आणि एकटीनं पाय धुतले. निखिलराव "आई, नको, अहो आई, नको" म्हणत पाय मागं घेत होते आणि काकू ते पुन्हा परातीत ओढत होत्या. वैशाली खिडकीशी जाऊन उभी राहिली. पाठमोरी होती, पण तिचे खांदे सगळं सांगत होते. मला त्या घटकेला अण्णांचा मनापासून राग आला. म्हटलं, खड्ड्यात गेला तुमचा गोल्फ.

जेवायच्या वेळेला अण्णा हजर झाले. घामानं निथळत होते. पंगतीच्या पार टोकाला बसले, जावई दुसऱ्या टोकाला, मध्ये मी. अण्णा समोरच्या भिंतीकडं बघत गरजले, "सर, त्यांला म्हणावं तूप घ्या. धोंडे कोरडे न्हाई खातेत."

मी उजवीकडं वळून म्हणालो, "तूप घ्या म्हणतात." निखिलराव माझ्याकडं बघून म्हणाले, "हो, घेतो, थँक्यू." मी डावीकडं वळून म्हणालो, "घेतायत." असं आमचं जेवण झालं. हात धुताना अण्णा पुन्हा भिंतीला म्हणाले, "सर, त्यांला इचारा, ऊन उतरलं की खेळतेत का म्हणावं."

वैशालीचा चेहरा उजळला. बाबा तिच्या नवऱ्याबद्दल काहीतरी विचारत होते, हे तिला पुष्कळ होतं. निखिलरावांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

संध्याकाळी आम्ही सगळे माळावर निघालो. अण्णा सगळ्यांत पुढं, खांद्यावर काठी. मागं काकू पाण्याची बाटली घेऊन, सोबत वैशाली. निखिलराव माझ्या शेजारून चालत होते. ते हळूच म्हणाले, "सर, एक सांगू? मला गोल्फ येत नाही."

"चालतंय हो, अण्णांनाही येत नाही."

"तसं नाही सर. मी कधी खेळलोच नाही. आयुष्यात नाही. एका रिसॉर्टवर गेलो होतो, तिथं ती काठी फोटोसाठीच ठेवलेली होती. टोपीपण त्यांचीच. लोक रांगेनं फोटो काढत होते. बाबांनी हा खेळ धरलाय हे वैशालीकडून कळलं, मला वाटलं तब्येतीसाठी असेल. आज आई म्हणाल्या, ते माझ्यासाठी शिकतायत."

मी चालता चालता थांबलो. दोन वर्षं. टोपल्यांनी मोसंब्या, दलालाच्या गाडीची काच, स्मशान, स्टँड, मनातला बॉल आणि जमिनीवरचा बॉल. आणि ज्याला हरवायचं तो खेळाडू जगात नव्हताच. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी फक्त म्हणालो, "जे असेल ते सरळ सांगा. वाकडं त्यांना चालत नाही."

चार नंबरच्या दगडाशी अण्णा थांबले, मी सवयीनं शेजारच्याच उंचवट्यावर चढलो. आधी ते मारणार होते. त्यांनी डोळे मिटले, मनात बॉल पाडला, डोळे उघडले आणि काठी फिरवली. टक् असा आवाज आला, तसा मी ह्या माळावर कधी ऐकला नव्हता. बॉल सरळ गेला. सळईसारखा सरळ, म्हशींच्या वरून, सतराच्या दगडाशी. आणि अण्णा, ज्यांनी मला दोन वर्षं डोकं न हलवण्याचे धडे दिले, ते बॉलकडं न बघता मान वळवून जावयाकडं बघत होते.

"वा, बाबा!" निखिलरावांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या. अण्णांनी घाईघाईनं टोपी सारखी केली.

मग त्यांनी काठी पुढं केली. निखिलरावांनी ती घेतली, बॉलसमोर उभे राहिले आणि क्रिकेटची बॅट धरावी तशी धरली. पाय एकमेकांना चिकटलेले. मग ते तसेच थांबले आणि म्हणाले, "बाबा, मला येत नाही. मी कधीच खेळलो नाही."

"मंग फोटो?" अण्णा म्हणाले. पाच वर्षांतला जावयाशी बोललेला हा पहिला शब्द. घाईत ते मला मध्ये घ्यायचं विसरले होते.

"फोटोपुरतीच काठी धरली होती. सॉरी बाबा."

वैशालीनं काकूंचा हात धरला. अण्णा एकदा त्या काठीकडं बघत होते, एकदा जावयाच्या तोंडाकडं. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगू शकत नाही. हरवणं राहिलं होतं, कारण हरवायला कुणी नव्हतं, आणि न बोलण्याची प्रतिज्ञा तर आत्ताच मोडली होती. मी त्यांच्या गर्जनेची वाट बघत उभा होतो. पण अण्णांची नजर हळूहळू खाली सरकली आणि जावयाच्या पायांवर येऊन थांबली. ते वाकडे होते.

"असं न्हाई!" अण्णा ओरडले. मिलमधला आवाज. "पाय! पाय बराबर तर सगळं बराबर!"

आणि ते खाली बसले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी जावयाचा उजवा पाय दोन्ही हातांत धरला आणि सरकवून नीट ठेवला. मग डावा धरला, आणि तिथंच थांबले. निखिलरावांच्या पायांत उघड्या चपला होत्या आणि टाचेच्या वर सराटा रुतून बसला होता. बिचारे एवढा वेळ न बोलता तसेच चालत आले होते.

"सांगायचं न्हाई का? ह्या माळावर चपला घालून येतेत का कुणी?" अण्णा पुटपुटले. त्यांनी सराटा हलकेच उपटला. रक्ताचा ठिपका आला. मान वर न करता त्यांनी हात मागं केला. काकूंनी काही न विचारता पाण्याची बाटली त्या हातात दिली. अण्णांनी पायावर पाणी ओतलं. आधी त्या पायावर, मग दुसऱ्याही पायावर, त्याला काही झालेलं नव्हतं तरी. दोन्ही पायांची धूळ त्यांनी अंगठ्यानं चोळून चोळून काढली. गळ्यातला गमजा घेतला आणि दोन्ही पाय पुसले.

"बाबा, नको..." निखिलराव म्हणाले.

"डोकं हलवायचं न्हाई! बॉलकडं बघा!" अण्णा खालूनच गरजले. पण आवाजात गर्जना राहिली नव्हती.

काकू माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाल्या, "आता कुंकू तेवढं राह्यलं." आणि पदरानं डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले होते. लपवण्यात अर्थ नाही, उंचवट्यावर उभा असलेला माणूस सगळ्यांना दिसतो.

"मारा," अण्णा म्हणाले. ते उठले नव्हते, नुसते काठीच्या टप्प्याबाहेर, बॉलच्या पलीकडं सरकून बसले होते.

निखिलरावांनी डोळे मिटून जोरात काठी फिरवली. वाऱ्याचा आवाज झाला. ते स्वतःभोवती अर्धे फिरले आणि ओशाळून म्हणाले, "सॉरी, बाबा."

"गेला तो बॉल गेला," अण्णा म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून स्मशानात ऐकलं होतं, स्टँडवर ऐकलं होतं, माझ्या बढतीवर ऐकलं होतं. घरातल्या माणसासाठी पहिल्यांदाच ऐकलं. "गेला तो गेला, जावईबापू. आता पुढला मारू."

बॉल खरं तर कुठंच गेला नव्हता. काठी त्याच्या वरून गेली होती आणि तो होता तिथंच, दोघांच्या मध्ये, मुरमात पडून होता. पण ते सांगायला आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही.